शरीराचा मान आणि ख्रिस्ती साधना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

प्रार्थना, उपास, आजारपण किंवा थकवा यांबद्दल बोलणे निघाले की विश्वासणाऱ्यांकडून काही प्रश्न फिरून फिरून येतात. बहुतेक प्रश्नांच्या मुळाशी एकच धाकधूक असते: शरीराकडे लक्ष दिले तर आत्म्याकडे दुर्लक्ष तर होणार नाही ना? ही धाकधूक मीही अनेक वर्षे बाळगली आहे, म्हणून उत्तरे जरा सविस्तर देतो आहे. काही ठिकाणी पवित्र शास्त्रातला अध्याय आणि वचन दिले आहे. तिथे बायबल उघडून आजूबाजूच्या ओळीही वाचाव्यात.

शरीराचा मान राखणे म्हणजे नेमके काय?

शरीर देवाने दिले, ख्रिस्ताने ते स्वतः धारण केले आणि शेवटल्या दिवशी ते उठवले जाणार आहे, असे आपण मानतो. हे खरे असेल तर झोपणे, खाणे, अंघोळ, श्रम, स्पर्श, आजारपण या साऱ्या गोष्टी देवासमोरच घडतात. त्या तशा जाणीवेने करणे आणि दुसऱ्याच्या शरीराशीही त्याच जाणीवेने वागणे, म्हणजे शरीराचा मान राखणे.

हा आरोग्याचा कार्यक्रम नव्हे. वजन, दिसणे, ताकद यांच्याशी त्याचा संबंध आला तरी तो नंतर येतो. आपण ज्याला मान देतो त्याला दारातच उभे करून त्याच्यातल्या उणिवा सांगत नाही. आधी आत बोलावतो, बसायला सांगतो, पाणी देतो. आपल्या शरीराशी मात्र आपण उलटे वागतो: आधी सुधारणा, मग जमले तर मान.

पण देह आत्म्याच्या विरुद्ध आहे असे पौलानेच लिहिले आहे ना?

हा प्रश्न सगळ्यांत जास्त वेळा येतो आणि बहुतेक गैरसमज इथेच आहेत.

पौल ग्रीक भाषेत लिहीत होता आणि त्याच्याकडे दोन वेगळे शब्द होते. एक ‘सोमा’, म्हणजे शरीर. दुसरा ‘सार्क्स’, म्हणजे मांस, देह. दुसरा शब्द तो पुष्कळदा एका खास अर्थाने वापरतो: देवाला बाजूला सारून स्वतःच्याच बळावर, स्वतःसाठीच जगण्याची माणसाची ओढ. मराठी बायबलमध्ये यासाठी कुठे ‘देह’ तर कुठे ‘देहस्वभाव’ असे शब्द येतात. आता रोजच्या मराठीत देह आणि शरीर यांत आपण फरक करत नाही. त्यामुळे ‘देहाची कर्मे’ ऐकले की मन सरळ हाडामांसाकडे धावते.

गलतीकरांस पत्राच्या पाचव्या अध्यायातली त्या कर्मांची यादी (५:१९-२१) सावकाश वाचा. जारकर्म आहे, दारूबाजी आहे, हे खरे. पण वैर, कलह, मत्सर, राग, तट, फूट, हेवा हेही त्याच यादीत आहे, आणि या प्रकारच्याच गोष्टी संख्येने अधिक आहेत. मत्सर करायला हातपाय लागत नाहीत. अंथरुणाला खिळलेला माणूसही हेवा करू शकतो. म्हणजे पौल ज्याच्याविषयी सावध करतो ते आपले शरीर नाही. ती मनाची एक दिशा आहे, आणि ती शरीर, बुद्धी, इतकेच काय, धार्मिकतासुद्धा आपल्या कामाला जुंपू शकते.

तोच पौल करिंथकरांना विचारतो: तुमचे शरीर पवित्र आत्म्याचे मंदिर आहे हे तुम्हांला ठाऊक नाही काय? (१ करिंथ ६:१९). तो हे कोणाला विचारतो आहे ते पाहा. करिंथची मंडळी काही आदर्श नव्हती. भांडणे, खटले, व्यभिचार सगळे तिथे होते. ‘नीट वागलात तर तुमचे शरीर मंदिर होईल’ असे तो म्हणत नाही. ते आहेच, आणि म्हणून त्याला शोभेल असे वागा, असे तो म्हणतो. त्याआधी काही ओळी अजून एक वाक्य आहे, ज्यावर मी अनेकदा थबकतो: शरीर प्रभूसाठी आहे आणि प्रभू शरीरासाठी आहे (६:१३). पहिला अर्धा भाग आपण प्रवचनात ऐकतो. दुसऱ्या अर्ध्या भागावर क्वचितच कोणी बोलते.

येशूला खरोखरच आपल्यासारखे शरीर होते, यावर इतका भर कशासाठी?

कारण अगदी सुरुवातीलाच काही लोकांना ते पटेना. ख्रिस्त केवळ मनुष्यासारखा ‘दिसला’, त्याचे दुःख भासमात्र होते, असे ते शिकवत. देव घामाघूम व्हावा, त्याला भूक लागावी, ही कल्पना त्यांना ओंगळ वाटे. योहानाच्या पहिल्या पत्रात (४:२) याला सरळ उत्तर आहे: येशू ख्रिस्त देही आला हे जो कबूल करतो तोच आत्मा देवापासून आहे.

अंत्युखियाचा बिशप इग्नाशियस दुसऱ्या शतकाच्या आरंभी कैदी म्हणून रोमला नेला जात होता. वाटेत त्याने स्मुर्णाच्या मंडळीला लिहिलेले पत्र आजही उपलब्ध आहे. ख्रिस्ताचे शरीर नाकारणाऱ्यांबद्दल त्यात तो एक फार महत्त्वाची गोष्ट नोंदवतो: या लोकांना विधवेची, अनाथाची, बंदिवानाची, भुकेल्या-तहानेल्याची काळजी नाही. या दोन गोष्टी एकाच पत्रात शेजारी शेजारी आल्या आहेत. ख्रिस्ताचे शरीर ज्याला भास वाटते, त्याला शेजाऱ्याची भूकही हळूहळू भास वाटू लागते. या पानावरच्या सगळ्या उत्तरांमागे माझ्या मनात हेच एक सूत्र आहे.

शुभवर्तमाने तर शरीराच्या तपशिलांनी भरलेली आहेत. येशू प्रवासाने दमून विहिरीपाशी बसतो (योहान ४:६). वादळात होडीच्या मागच्या बाजूला उशी घेऊन झोपतो (मार्क ४:३८). मित्राच्या कबरेपाशी रडतो. आंधळ्याच्या डोळ्यांना थुंकीने कालवलेली माती लावतो. कुष्ठरोग्याला शब्दानेच बरे करता आले असते, पण आधी हात पुढे करून त्याला स्पर्श करतो (मार्क १:४१). आणि क्रुसावर म्हणतो, मला तहान लागली आहे. तिसऱ्या शतकाच्या सुरुवातीला तर्तुल्यन या आफ्रिकेतल्या लेखकाने देहाला तारणाची बिजागरी म्हटले. दार कितीही भक्कम असो, ते फिरते बिजागरीवरच. बाप्तिस्म्यात पाणी अंगावर पडते, प्रभुभोजनात भाकर तोंडात जाते, अभिषेकात तेल कपाळाला लागते. कृपा आपल्यापर्यंत पोहोचते ती अशी.

मेल्यावर आत्मा स्वर्गात जातो, मग शरीराचे काय महत्त्व?

प्रेषितांच्या विश्वासांगीकारात आपण ‘देहाचे पुनरुत्थान’ म्हणतो, फक्त आत्म्याच्या अमरत्वावर थांबत नाही. पुनरुत्थित येशूने शिष्यांसमोर भाजलेल्या माशाचा तुकडा खाल्ला (लूक २४:४२-४३) आणि थोमाला हातांवरच्या खुणा दाखवल्या. पौल ‘आध्यात्मिक शरीर’ म्हणतो (१ करिंथ १५:४४) तेव्हाही त्यातला मुख्य शब्द शरीर हाच आहे. ते कसे असेल हे समजावताना तो पेरलेल्या दाण्याची उपमा देतो आणि तिथेच थांबतो. आपणही थांबावे.

मग संतांनी शरीराला इतके का छळले?

काहींनी छळले, हे नाकारण्यात अर्थ नाही. दिवसेंदिवस उपाशी राहणे, झोप टाळणे, अंगाला काचणारे कपडे घालणे हे सारे ख्रिस्ती इतिहासात आहे. त्यातल्या काहींच्या मागे ख्रिस्ताच्या दुःखात सहभागी होण्याची खरी तळमळ होती. काहींच्या मागे मात्र शरीराची निखळ किळस होती.

त्याच इतिहासात मंडळीने ‘बस, पुरे’ असेही वेळोवेळी म्हटले आहे. सन ३२५ मधल्या नायसियाच्या परिषदेचा अगदी पहिला नियम याच विषयावर आहे: धडधाकट असताना ज्याने स्वतःला खच्ची करून घेतले त्याला धर्मसेवकपदावर राहता येणार नाही. आजारपणात वैद्याने, किंवा रानटी लोकांनी वा धन्याने तसे केले असेल तर मात्र अडसर नाही. म्हणजे शरीरातली उणीव हा दोष नव्हता, शरीराविरुद्धची हिंसा हा दोष होता. चौथ्या शतकातच गंग्रा येथील धर्मसभेने, विवाहाची आणि मांसाहाराची घृणा शिकवणाऱ्यांचा निषेध केला. पौलाने तर आधीच लिहून ठेवले होते की शरीराला कठोरपणे वागवण्यात शहाणपणाचा केवळ देखावा असतो (कलस्सै २:२३).

सहाव्या शतकातली बेनेडिक्टची नियमावली मला या बाबतीत फार जवळची वाटते. ती मठवासीयांसाठी आहे, शिस्त कडक आहे. पण जेवणात शिजवलेले दोन पदार्थ असावेत, कारण एखाद्याला एक खाता येत नसेल तर दुसरे खाता येईल, एवढा विचार तिच्यात आहे. आजाऱ्यांची सेवा साक्षात ख्रिस्ताची समजून सर्वांआधी करावी आणि त्यांना गरज असेल तेव्हा स्नान घालावे, असे ती सांगते. म्हातारे आणि लहान मुले यांना खाण्याच्या नियमांत सूट आहे. साधना कठोर असली तरी ती शरीराची दखल घेऊन करता येते, हे यातून दिसते.

असिसीचा फ्रान्सिस आपल्या शरीराला ‘गाढवभाऊ’ म्हणत असे आणि त्याला फार राबवत असे. सन १२२६ मध्ये तो वारला. आपण या भावाशी फार कठोर वागलो, असे त्याने अखेरीस कबूल केल्याचे त्याच्या जुन्या चरित्रांत सांगितले आहे.

‘मी माझे शरीर कुदलतो’ असे पौल म्हणतो, त्याचे काय?

१ करिंथ ९:२७ मधली उपमा खेळाडूची आहे. मल्ल किंवा धावपटू शरीराला सरावात घालतो, कारण ते शरीर त्याला आवडते म्हणून, त्याच्याकडून मोठे काम घ्यायचे असते म्हणून. शर्यतीआधी स्वतःचे पाय मोडून घेणारा धावपटू कोणी पाहिला आहे?

प्रार्थनेला बसले की झोप येते. हा आळस समजावा का?

आधी स्वतःला विचारा: काल रात्री किती तास झोपलात? त्याआधीच्या रात्री?

एलीयाची गोष्ट (१ राजे १९) मला या प्रश्नासाठी नेहमी आठवते. इतका मोठा संदेष्टा, पण जिवाला कंटाळून एका झुडपाखाली आडवा होतो आणि मरण मागतो. देवदूत येतो. तो त्याला उपदेश करत नाही, त्याचा विश्वास तपासत नाही. तो त्याला स्पर्श करतो आणि म्हणतो, ऊठ, खा. उशाशी निखाऱ्यांवर भाजलेली भाकर आणि पाण्याची सुरई असते. एलीया खातो, पितो आणि पुन्हा झोपतो. देवदूत त्याला झोपू देतो. दुसऱ्यांदा उठवून पुन्हा खायला घालतो, कारण, तो म्हणतो, वाट तुझ्या आवाक्याबाहेरची आहे. होरेब डोंगर, मंद वाणी, नवी कामगिरी हे सारे त्यानंतर. दोन झोपा आणि दोन जेवणे आधी झाली नसती तर तो तिथवर पोहोचलाच नसता.

स्तोत्र १२७ म्हणते की पहाटे उठून, रात्री उशिरापर्यंत बसून कष्टाची भाकर खाणे व्यर्थ आहे, परमेश्वर आपल्या प्रियजनांना झोप देतो. झोपताना आपण कबूल करतो की जग माझ्यावाचून चालते. हीसुद्धा श्रद्धेचीच कबुली आहे. तेव्हा थकलेल्या माणसाने रात्री अपराधी वाटून घेत माळेसारखी वचने ओढण्यापेक्षा ‘प्रभो, मी तुझ्या हाती’ म्हणून दिवा मालवावा. पुरेशी झोप घेऊनही महिनोन्‌महिने थकवा जात नसेल, कशातच मन लागत नसेल, तर डॉक्टरांना दाखवा. रक्तक्षय, थायरॉइड किंवा नैराश्य यांना पाप समजून पश्चात्ताप करत बसू नका.

उपास करावा की करू नये?

करावा, ज्याला झेपतो त्याने. येशू ‘तुम्ही उपास कराल तेव्हा’ असेच म्हणतो, आणि लगेच सांगतो: डोक्याला तेल लावा, तोंड धुवा (मत्तय ६:१७). उपासाच्या दिवशीही शरीर नीटनेटके, आनंदी ठेवायचे. उपाशी राहून चेहरा पाडून फिरणे त्याला मान्य नाही.

उपासात शरीर प्रार्थनेत सामील होते. भूक लागते तेव्हा कळते की आपण कशाकशावर अवलंबून आहोत, आणि ज्यांना न मागता उपास घडतो त्यांची आठवण होते. यशयाच्या ५८ व्या अध्यायात देव त्याला हवा तो उपास सांगतो: जुलमाच्या बेड्या तोडणे, भुकेल्याला आपली भाकर वाटून देणे, उघड्याला वस्त्र देणे. स्वतःच्या पोटातून वाचलेले दुसऱ्याच्या पोटात गेले नाही तर तो उपास अर्धाच राहिला, असे मला वाटते.

कोणी करू नये? मधुमेहाची औषधे किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय अजिबात नाही. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या स्त्रिया, आजारी माणसे, वाढत्या वयाची मुले यांनीही नाही. कॅथलिक धर्मसभेच्या सन १९८३ च्या कायद्यातही उपासाचे बंधन १८ वर्षे पूर्ण झाल्यापासून साठावे वर्ष लागेपर्यंतच आहे. आणि एक गोष्ट कळकळीने सांगतो. ज्यांना कधी खाण्याचा विकार झाला आहे, म्हणजे स्वतःला उपाशी ठेवणे किंवा खाऊन ओकून टाकणे, त्यांच्यासाठी अन्नाचा उपास ही साधना नाही, तो आजाराचा सापळा आहे. त्यांच्यासाठी तिन्ही वेळेला शांतपणे जेवणे हीच कठीण आणि पवित्र साधना आहे. उपास करायचाच असेल तर फोनचा करा, निंदानालस्तीचा करा.

प्रार्थना करताना गुडघे टेकायलाच हवेत का?

नाही. पवित्र शास्त्रात लोक उभे राहून, गुडघे टेकून, पालथे पडून, हात वर करून, नाचून, अंथरुणावर पडूनही प्रार्थना करतात. नायसियाच्या परिषदेचा विसावा नियम तर असा आहे की रविवारी आणि पुनरुत्थान ते पन्नासावा दिवस या काळात सर्वांनी उभे राहून प्रार्थना करावी. उभे राहणे ही उठलेल्या ख्रिस्ताची खूण होती. जो दिवस जसा, तसे शरीर.

शब्द सुचत नसतील तेव्हा शरीराला पुढे होऊ द्या. तळहात उघडे करून मांडीवर ठेवा. काही मागायचे सुचले नाही तरी हात मागत असतात. गुडघे दुखत असतील तर खुर्चीवर बसा, देव सांध्यांची परीक्षा घेत नाही.

श्वासाकडे लक्ष देऊन प्रार्थना करणे ख्रिस्ती परंपरेत बसते का?

बसते, आणि ती जुनी वाट आहे. उत्पत्तीच्या दुसऱ्या अध्यायात देव मातीचा मनुष्य घडवून त्याच्या नाकपुड्यांत जीवनाचा श्वास फुंकतो. हिब्रू ‘रूआख’ आणि ग्रीक ‘न्युमा’ या दोन्ही शब्दांचा अर्थ वारा, श्वास आणि आत्मा असा तिहेरी आहे. पूर्वेकडील मंडळ्यांत ‘प्रभू येशू ख्रिस्ता, देवाच्या पुत्रा, मज पाप्यावर दया कर’ ही छोटी प्रार्थना श्वासाच्या लयीत म्हणण्याची पद्धत शतकानुशतके आहे. अर्धी श्वास घेताना, अर्धी सोडताना. चौदाव्या शतकात अशी प्रार्थना करणाऱ्या मठवासीयांची टवाळी झाली तेव्हा ग्रेगरी पालामास या पूर्वेकडील मंडळीतल्या धर्मशास्त्रज्ञाने त्यांची बाजू मांडली, आणि आधार दिला तो पौलाच्याच वचनाचा: शरीर हे पवित्र आत्म्याचे मंदिर आहे.

मला माझे शरीर आवडत नाही. देवाचे आभार कसे मानू?

आवडणे भाग नाही. मान आणि आवड या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आवड येते-जाते, मान राखता येतो.

लहान जागेपासून सुरुवात करा. आरशासमोर नको, तो आधीच पुष्कळ बोलतो. हात धुताना हातांकडे पाहा. आज या हातांनी काय काय केले ते आठवा आणि तेवढ्यापुरते आभार माना. स्तोत्र १३९ मध्ये देवाने आईच्या उदरात मला विणले असे म्हटले आहे. ते रोज म्हणवत नसेल तर स्तोत्र १०३ मधले घ्या: आपण माती आहोत हे तो आठवतो. त्याला माहीत आहे, हेच पुष्कळदा पुरेसे होते. तिरस्कार इतका वाढला असेल की स्वतःला इजा करावीशी वाटते, तर आजच एखाद्या विश्वासू माणसाला सांगा आणि मनोविकारतज्ज्ञांकडे जा.

मी कायमचा आजारी आहे. हे शरीर देवाचे मंदिर कसे?

माझी आई शेवटची काही वर्षे अंथरुणावर होती. रोज सकाळी तिचे अंग पुसणे, पाठीला व्रण पडू नयेत म्हणून दर दोन तासांनी कूस बदलणे, टाचांखाली मऊ कापड ठेवणे, हे मी शिकलो. सुरुवातीला मला ते काम वाटे, आणि कामानंतर प्रार्थनेला वेळ उरत नाही म्हणून मी चिडत असे. एके दिवशी तिचे पाय पुसताना योहानाचा तेरावा अध्याय आठवला: कंबरेला रुमाल बांधलेला प्रभू, पाण्याचे भांडे, शिष्यांचे पाय. त्यानंतर मी प्रार्थनेसाठी वेगळा वेळ शोधणे सोडून दिले. तिचे शरीर दिवसेंदिवस निकामी होत होते आणि मान द्यावा असे त्याहून काही त्या घरात नव्हते.

पौल म्हणतो की शरीराचे जे अवयव दुबळे दिसतात ते अधिक गरजेचे आहेत (१ करिंथ १२:२२). हे तो मंडळीबद्दल सांगतो. पण मंडळीत आजारी, अपंग, वृद्ध माणसाला आपण मागच्या बाकावर ढकलतो तेव्हा त्याच वचनाचा भंग करतो. जन्मांध माणसाकडे बोट दाखवून शिष्यांनी विचारले, कोणाच्या पापामुळे? येशूने उत्तर दिले: याच्याही नाही, आईबापांच्याही नाही (योहान ९:३). तरीही हा प्रश्न आपण अजून विचारतो आणि आजाऱ्याच्या दुखण्यात भर घालतो. कृपा करून विचारू नका. पौलाने आपल्या शरीरातला काटा, म्हणजे त्याला छळणारा एक त्रास, निघावा म्हणून तीनदा विनवले आणि तो निघाला नाही. त्याच्या विश्वासात काही कमी होते असे कोणी म्हणेल का?

प्रार्थनेने बरे होण्यावर विश्वास असेल तर औषध का घ्यावे?

दोन्ही घ्यावे. याकोब तेल लावून प्रार्थना करायला सांगतो (५:१४). पौल तीमथ्याला पोटासाठी थोडा द्राक्षारस घ्यायला सांगतो (१ तीमथ्य ५:२३), आणि त्याचा सोबती लूक वैद्य होता (कलस्सै ४:१४). विश्वासाच्या नावाखाली कोणाची औषधे बंद करायला लावणे हा गुन्हा आहे, मग सांगणारा कितीही मोठा सेवक असो.

मासिक पाळीत चर्चमध्ये जावे का, प्रभुभोजन घ्यावे का?

जावे. घ्यावे. लेवीयच्या पंधराव्या अध्यायातले शुद्धाशुद्धतेचे नियम इस्राएलच्या मंदिरसेवेशी बांधलेले होते, आणि त्याच अध्यायात पुरुषांसाठीही तसेच नियम आहेत, जे मात्र कोणी आठवत नाही. मार्कच्या पाचव्या अध्यायात १२ वर्षे रक्तस्राव होत असलेली स्त्री गर्दीतून येऊन येशूच्या वस्त्राला शिवते. नियमाप्रमाणे तो विटाळला जायला हवा. घडते उलटेच: त्याचे सामर्थ्य तिच्याकडे जाते. तो तिला सगळ्यांसमोर ‘मुली’ म्हणतो. या गोष्टीनंतर कोणत्याही स्त्रीला दारात थांबवण्याचे कारण मला दिसत नाही.

लैंगिक इच्छा म्हणजे अशुद्धता का?

इच्छा म्हणजे अशुद्धता नव्हे. गीतरत्न हे पुस्तक बायबलमध्ये आहे आणि त्यात केस, मान, ओठ, सुगंध यांचे वर्णन लाजत-संकोचत केलेले नाही. पौल पती-पत्नींना सांगतो की पतीच्या शरीरावर पत्नीचाही अधिकार आहे (१ करिंथ ७:४). त्या काळात हे दुसऱ्या बाजूनेही म्हणणे किती धाडसाचे होते ते लक्षात घ्या. इंग्लंडच्या मंडळीच्या सन १५४९ च्या प्रार्थनापुस्तकात वर अंगठी घालताना वधूला म्हणतो की माझ्या शरीराने मी तुझा आदर करतो. अशुद्धता सुरू होते ती दुसऱ्याचे शरीर वस्तू म्हणून वापरण्यापासून. ती लग्नाच्या आतही होऊ शकते.

घरात मारहाण होते. ‘आपला क्रूस उचल’ असे मला सांगितले जाते.

हे सांगणारा चुकतो आहे. येशूने स्वतःचा जीव स्वतः दिला, कोणी बळजबरीने घेतला नाही (योहान १०:१८). तुमच्यावर होणारी मारहाण हा तुमचा क्रूस नाही, ते मारणाऱ्याचे पाप आहे. नासरेथच्या लोकांनी त्याला कड्यावरून लोटायला नेले तेव्हा तो त्यांच्यामधून निघून गेला (लूक ४:३०). तुम्हीही निघू शकता. सुरक्षित जागी जा, विश्वासू माणसांची आणि पोलिसांची मदत घ्या. क्षमेचा विषय नंतर, आणि तोही तुमच्या वेळेने.

स्वतःच्याच शरीराचा इतका विचार केला तर दुसऱ्यांचे काय?

हा प्रश्न योग्य आहे. इग्नाशियसचे पत्र आठवा. जो मान माझ्या शरीराला तोच प्रत्येक शरीराला, नाहीतर तो मान नव्हे, लाड आहेत. मत्तयच्या २५ व्या अध्यायात न्यायाच्या दिवशी प्रभू विचारतो ते अन्न, पाणी, वस्त्र, आजारपण, तुरुंग यांबद्दल. प्रत्येक गोष्ट शरीराची आहे. चौथ्या शतकात बिशप बासिलने कैसरियाजवळ आजारी आणि गरीब लोकांसाठी उभारलेली वसाहत याच अध्यायातून जन्मली.

विश्रांतीच्या दिवसाची आज्ञा बायबलमधल्या ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या पाचव्या अध्यायात वाचा. तुझ्या दासदासींनाही तुझ्यासारखाच विसावा मिळावा, कारण तूही मिसरात दास होतास. बैल आणि गाढवही त्यात आहेत. तेव्हा तुमच्या घरी कामाला येणाऱ्या बाईंना सुट्टी आहे का, त्या आजारी पडल्या तर पैसे कापले जातात का, हा साधनेचा प्रश्न आहे. कापणी करणाऱ्यांची अडकवलेली मजुरी ओरडते आहे, असे याकोब लिहितो (५:४).

रोजच्या दिवसात हे कसे बसवू?

थोडेसेच घ्या. सकाळी तोंडावर पाणी घेताना बाप्तिस्म्याची आठवण करा. पहिल्या घासाआधी एक श्वास थांबा. आठवड्यातून एक दिवस खरोखर काम बंद ठेवा, आणि तुमच्यामुळे ज्यांना काम पडते त्यांचेही बंद ठेवा. ज्याला कोणी स्पर्श करत नाही अशा एखाद्या वृद्ध माणसाचा हात, त्याची हरकत नसेल तर, हातात घेऊन बसा. मी यांतले रोज सगळे करतो असे नाही. तोंडावरचे पाणी मात्र चुकत नाही.

मृत्यूनंतर शरीराचे काय करावे? दहन किंवा अवयवदान चालते का?

अवयवदानाला मुख्य ख्रिस्ती मंडळ्यांची आडकाठी नाही. पोप जॉन पॉल दुसरे यांनी सन १९९५ च्या आपल्या परिपत्रात त्याची गणना प्रेमाच्या कृत्यांत केली. दहनाला कॅथलिक धर्मसभेने सन १९६३ पासून परवानगी दिली आहे. मात्र अस्थी आणि राख आदराने एका पवित्र ठिकाणी ठेवावी अशी तिची अपेक्षा आहे. बहुतेक प्रोटेस्टंट मंडळ्या हा निर्णय कुटुंबावर सोडतात, ऑर्थोडॉक्स मंडळ्या दफनाचाच आग्रह धरतात. जो देव मातीतून उठवतो त्याला राखेतून उठवणे अवघड नाही.

पण पार्थिव हाताळताना घाई करू नका. याफो येथे टबीथा वारली तेव्हा तिला स्नान घालून माडीवर ठेवले होते (प्रेषितांची कृत्ये ९:३७). तिसऱ्या शतकात अलेक्झांड्रियात साथ आली तेव्हा तिथला बिशप डायोनिसियस लिहितो की बंधुजन मृतांचे डोळे मिटत, त्यांना स्नान घालत, मांडीवर घेत, आणि त्यातले काही जण लवकरच त्यांच्यामागे गेले. आईला शेवटचे स्नान घालायला घरातले आम्ही तिघे होतो. पाणी कोमट करून घेतले होते. त्याची गरज नव्हती हे आम्हांला माहीत होते.